हिरवी पेन्सिल

पुस्तक निघालं असतं तर हेमचंद्रांचा फायदा रोख नव्हता, पण ठोक होता. निवृत्त होऊन पुण्याला परतताना ‘दुबईत एसीचे डक्ट विकायचे ते’ याऐवजी ‘ब्रॅनिगनचे चरित्रकार’ म्हणून उतरता आलं असतं. शिवाय या लिखाणावरून बायकोची, प्रमिलाची, नऊ वर्षांची बोलणी एका फटक्यात खलास.

अडलं होतं प्रकाशकापाशी.

“हे सगळं नेटवर आहे, हेमचंद्रराव,” तो फोनवर म्हणाला. “मोठा अमेरिकन कवी, दारू प्यायचा, बायकोला छळायचा, इस्पितळातून पळाला. त्र्याऐंशी साली तळ्याकाठी त्याचा नुसता कोट सापडला. मराठीत नवं काय देताय? त्याला डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस आणा, लगेच छापतो.”

अमेरिकेला एकेचाळीस पत्रं गेली. उत्तर एकच आलं, तेही एका दंतवैद्याचं. त्याचं आडनाव तेवढं जुळत होतं.

त्यात घरात मिस्टर जेम्स. मुलगी इरा कॅनडाला शिकायला गेली आणि दुबईतल्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या फ्लॅटमधली तिची खोली रिकामी झाली. तिथे फिरदोस एजंटने हा म्हातारा अमेरिकन आणून बसवला. शाळेत पोरांना पोहायला शिकवून निवृत्त झालेला. “सगळे पेपर आत आहेत सर, चेक कर लो,” म्हणत फिरदोसने लिफाफा दिला. हेमचंद्रांनी लिफाफ्यालाच भोकं पाडली आणि तो फाइलला लावला. दुबईच्या रिवाजाने हे मिस्टर हेमचंद्र, तो मिस्टर जेम्स. आडनावावाचून इथे कोणाचं अडत नाही.

सकाळी हेमचंद्र मसुदा मोठ्याने वाचत, तेव्हा हा नेमका पोळीला पीनट बटर लावत मागे उभा. एकदा त्याने विचारलंच, काय चाललंय. प्रमिलाने इंग्रजीत तळं, कोट, सगळं सांगितलं.

“बुडायला निघालेला माणूस कोट काढत नाही,” म्हातारा म्हणाला. “ओला कोट जड होतो, उलट मदतच. काढतो तो पोहणारा.”

“पॉइंट आहे हो त्यांचा,” प्रमिला म्हणाली.

“तू त्याची बाजू घेऊ नकोस. तीन इंग्रजी चरित्रकार मूर्ख, आणि हा पोरांना गटांगळ्या खायला शिकवणारा शहाणा?”

हेही हेमचंद्रांनी सोसलं असतं. पण गुरुवारी ऑफिसातून येऊन बघतात तो मसुदा टेबलावर उघडा, आणि ब्रॅनिगनच्या सर्वांत गाजलेल्या इंग्रजी कवितेच्या शेवटच्या दोन ओळींवर हिरव्या पेन्सिलची काट. वर समासात चार नवे शब्द.

“हे काय आहे?”

“शेवट लांबला होता,” म्हातारा शांतपणे म्हणाला.

“अहो, अख्खी अमेरिका या ओळी पाठ म्हणते.”

“तेच तर. सोप्या आहेत.”

हेमचंद्रांनी त्याच्यासमोरच खोडरबर घेतलं आणि एकेक हिरवी रेघ पुसली. चार शब्द पुसले. कागदावर फुंकर मारली. म्हातारा बघत राहिला. मग हेमचंद्र म्हणाले, “मिस्टर जेम्स, महिनाअखेर खोली रिकामी करा. यल्ला, चला.”

तो दोन दिवसांतच गेला. एक बॅग, प्रमिलाने दिलेला पोळ्यांचा डबा. टॅक्सीत बसेपर्यंत प्रमिला खाली उभी होती. परत आली आणि म्हणाली, “जेवण टेबलावर आहे. वाढून घ्या.”

रविवारी फिरदोसचा फोन. “सर, मिस्टर जेम्सचं नाव तुमच्या भाडेकरारावरून काढायचंय. पासपोर्टवर जसं आहे तसं पूर्ण सांगा.”

हेमचंद्रांनी कुरकुरत फाइल काढली, लिफाफा पहिल्यांदाच फाडला. “घे लिहून. जेम्स. मधलं नाव लायल. आडनाव...”

“आडनाव सर?”

“ब्रॅनिगन.”

“ओके सर.”

“फिरदोस, ते गेले कुठे?”

“पता नहीं सर. नंबर बंद आहे, ॲड्रेस दिला नाही. डिपॉझिट परत घ्यायला बोलावलं, तर नको म्हणाले. बोले, हेम साहबका एक कागज मैंने खराब किया, ये उसका.”