दिवाणावरची जागा

लिलाव पुकारणाऱ्या साहेबा, तू दिवाण विकलास, पण त्याच्यासोबत काय धाडलंस ते दडवलंस. चिंचवडची हौसाबाई रोज मनातल्या मनात त्याला असंच फैलावर घ्यायची.

गोरे साहेब गेल्यावर देहूरोडच्या बंगल्यातलं जुनं सामान विकायला निघालं. हौसाबाईने शिसवी आरामखुर्ची पसंत केली होती. नवरा मात्र वेताने विणलेल्या दिवाणावर बसला तो उठेचना.

घरीही तो दिवाणाच्या एका कडेला अंग चोरून बसायचा. दुसऱ्या कडेचा वेत मात्र कुणी बसल्यासारखा दबलेला असायचा.

"ढिला झालाय," तो म्हणायचा. हौसाबाई तिथे बसायला गेली की म्हणायचा, "तितं नगं."

लग्नाला बारा वर्षं झाली, त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. "अगं" हेच तिचं नाव, आणि ते तिच्या एकटीचं होतं.

आज दुपारी तो लाडाने म्हणाला, "अगं, पानी दे की."

असा सूर तिने बारा वर्षांत ऐकला नव्हता. ती तांब्या भरून लगबगीने स्वयंपाकघराच्या दारात आली.

"तुला न्हाई," तो म्हणाला.

त्याच्या शेजारचा दबलेला वेत कुरकुरला आणि हळूहळू वर आला.

हौसाबाईने दोन्ही हातांनी दार अडवलं. तांब्या खाली पडून गडगडत गेला.

"मंग कुनाला? नाव सांगा तिचं."