पाणी घालायची सोपी रीत

पहिली थोबाडीत बसली ती झाडांना पाणी जास्त घातल्याबद्दल.

दुसरी खताच्या सात बाटल्यांबद्दल. तिसरी कशाबद्दल ते एल्बियाला नीट कळलं नाही, कारण तोवर ती अंगणातल्या ओल्या फरशीवर पडली होती, ओठ फाटला होता, आणि हेल्मेटवाला चोर शेजारी उकिडवा बसून एक करपलेलं पान तिच्या नाकासमोर नाचवत होता.

"हे काय आहे? बोल, म्हातारे! काय आहे हे?"

"पान," एल्बिया म्हणाली. जन्मभर शाळेत गणित शिकवल्यामुळे प्रश्नाला उत्तर द्यायची तिला सवय होती.

"पान नाही! खून आहे हा, खून!"

तो आला होता चोरी करायला. मार्च संपत आलेला, दुपारची वेळ, सगळं तारारिरास गाव जेवून आडवं झालेलं. या कापणीच्या दिवसांत उरुग्वेत असे लोक भिंतीवरून येतातच. सरकारने घरटी गांजाची सहा झाडं लावायची परवानगी दिली. भिंत किती उंच बांधायची, ते मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडलं. गेल्या मार्चमध्येही असाच एक जण आला होता. त्याने सहाच्या सहा झाडं कापून नेली आणि आडव्या आलेल्या ह्यूगोच्या, म्हणजे एल्बियाच्या नवऱ्याच्या, डोक्यात लोखंडी कांब घातली. ह्यूगो वाचला. त्याचे शब्द तेवढे गेले. एकच उरला: मंगळवार. रात्री डोकं ठणकू लागलं की तो गुरासारखा ओरडे. मग गांजाच्या तेलाचे दोन थेंब जिभेखाली घातले की निजे. शेजाऱ्यांनी दिलेलं तेल आता संपत आलं होतं. ही सहा झाडं हातची गेली, तर जूनपासूनचा अख्खा हिवाळा ते ओरडणं ऐकत काढायचा होता.

झाडांचं सगळं पूर्वी ह्यूगोच पाही. पाणी किती, खत कोणतं, हे एल्बियाने त्याला पुष्कळदा विचारून पाहिलं. मंगळवार, तो म्हणे. शेवटी ती राजधानीत जाऊन दुकानातून यंत्रच घेऊन आली. टाकी, पंप, घड्याळ, नळ्या आणि सात बाटल्या. एक मुळांची, एक पानांची, एक फुलांची, असं करत करत शेवटची कशाचीच नव्हती, पण सगळ्यांत महाग होती. एल्बियाने सातही थेंबाथेंबाने मोजून घातल्या. हिशेब बरोबर आला. झाडं करपली.

चोराने हातातली कांब फिरवली. टाकी फुटली. मग त्याने एकेक बाटली फोडली. निळं, तांबडं, हिरवं पाणी फरशीवरून वाहत एल्बियाच्या केसांत शिरलं. एक काच गालात घुसली.

"हे विकू कुणाला मी? ओढणाऱ्याच्या घशात नुसतं खताचं मीठ उतरेल!" त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. दुःख खरं होतं, म्हणून लाथही मनापासून बसली. "गेल्या साली याच कुंड्यांत कसली झाडं होती! आठवडाभर बोटांचा वास गेला नव्हता! काय हात होता त्या माणसाला!"

एल्बिया कण्हायची थांबली.

गेल्या सालची झाडं भिंतीबाहेरच्या एकाच माणसाने पाहिली होती.

"मंगळवार!" आतल्या खोलीतून ह्यूगो ओरडला.

चोर दचकला. "कोण आहे आत?"

"नवरा. पडून असतो."

"उठेल?"

"नाही," एल्बिया म्हणाली. भिंतीला धरून ती हळूहळू उभी राहिली, तोंडातलं रक्त थुंकली. "मग आता काय करायचं, तूच सांग, बाळा. मला खरंच येत नाही रे."

असं कुणी विचारलं की गांजा लावणारा माणूस हातातलं काम सोडून देतो. चोरही त्यातलाच. शेतकी अधिकाऱ्याने कधी दाखवली नसेल इतक्या कळकळीने तो सांगू लागला. पंप भंगारात टाक. पुढच्या साली मातीत गांडूळखत, बाकी काही नाही. आता साधं पाणी, बादलीत रात्रभर ठेवलेलं. कुंडीच्या बुडातून भळाभळा वाहीपर्यंत ओत, सगळं मीठ धुऊन काढ. मग थांब. बोट खुपसून बघ. कुंडी उचलून बघ. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर हात लावायचा नाही.

"यंत्र कशाला लागतंय, दोन्या?" तो म्हणाला. म्हातारीची आता बाईसाहेब झाली होती. "ही उचल. म्हणजे कळेल."

"बरगडी मोडलीय रे. तूच दाखव."

तो जरासा ओशाळला. कांब भिंतीशी टेकवून त्याने दोन्ही हातांनी कुंडी छातीशी उचलली. "बघ, धोंडा झालाय पाण्याने. असं नको."

"आणि कापायची कधी?"

"फुलांवरचे केस तांबूस झाले की. त्या सुमारास मीच येतो कापायला. तोवर खताचा थेंब नाही, सांगून ठेवतो."

"अजून काही राहिलं का?"

"नाही. एवढंच."

डोक्याला त्याच्या हेल्मेट होतं. गुडघ्यांना नव्हतं.

पहिला गुडघा त्याच्याच कांबीच्या एका घावात गेला. कुंडी त्याच्याच पायांवर आदळली. दुसऱ्याला दोन घाव लागले, कारण तोवर तो लोळू लागला होता. मग जमिनीवर टेकलेला उजवा हात. वर्गातल्या वह्या तपासाव्यात तशी एल्बिया शांतपणे एकेक काम उरकत होती.

"दोन्या, नको! मी तर तुला सगळं शिकवलं! एक शब्द खोटा नाही सांगितला!"

"हो ना," एल्बिया म्हणाली आणि कांब पुन्हा वर उचलली. "म्हणून तर इतका वेळ थांबले."