एकटीनं

बव्हेरियातल्या त्या सर्पोद्यानाला २०१४मध्ये टाळं लागलं. पुढच्या उन्हाळ्यात, तिथे राहणाऱ्या उज्ज्वलकडे आलेली त्याची आई त्याच्यासोबत फिरताना फाटकाशी थांबली, तेव्हा म्हाताऱ्या रखवालदाराने कुलूप काढलं. मुलं अजगर गळ्यात घेऊन फोटो काढायची तो ओटा, मगरींचं तळं, सगळंच ओस पडलं होतं. नागाच्या रिकाम्या काचपेटीपाशी म्हाताऱ्याने वाकडं बोट दाखवलं. “खेळ दाखवताना चावला. म्युनिकहून हेलिकॉप्टरने इंजेक्शन आलं, म्हणून वाचलो.” उज्ज्वलने ते आईला मराठीत सांगितलं. गावी त्याच्या थोरल्या भावाला नाग चावला, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन नव्हतं. जिल्ह्याच्या वाटेवर त्याने आईच्या मांडीवर प्राण सोडला. आईने ते बोट दोन्ही हातांत धरलं. “याची माय होती का तवा?” तिने विचारलं. उज्ज्वलने ते म्हाताऱ्याला विचारलं. “होती. उशाशीच बसलेली असायची,” म्हातारा म्हणाला. “बरं झालं,” आई म्हणाली. “तिला एकटीनं घरी नाही यावं लागलं.”