सुगंधामावशींची चाल

आजारी सुगंधामावशींनी तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. “पाळकसाहेब, माझ्या मरणासाठी प्रार्थना करा,” त्या म्हणाल्या. “सुनेला किती दिवस माझं करायला लावू?”

“वेळ प्रभू ठरवेल. तोवर मी येत राहीन,” पाळकसाहेब खाटेशेजारी बसले. “पण तुमच्या वडिलांनी चाल लावलेलं नाताळचं गीत आता कुणालाच येत नाही. शिकवाल?”

मावशींनी डोळे मिटले आणि कापऱ्या आवाजात पहिली ओळ म्हटली. स्वयंपाकघरातून सून आली, पायाशी बसून तीही मावशींच्या मागोमाग गाऊ लागली.

“जरा वरचा सूर लाव,” मावशी म्हणाल्या.

चौथ्या कडव्याला त्या थांबल्या. “घसा कोरडा पडला. थोडी पेज दे गं.”

वाटी संपवून त्या पाळकसाहेबांकडे वळल्या. “उद्या सगळं गायन मंडळ घेऊन या. शिकवायला महिना तरी लागेल.”