सगळ्यांत कमी धूर

"दर सोमवारी हा गणवेश धुवायला कशाला टाकता? काजळीचा कण निघत नाही त्यातून," बायको पुटपुटली. भट्टीवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तोच गणवेश इस्त्री करून अंगात चढवला. आज कारखान्यात फोटो होता. सगळ्यांत कमी कार्बन सोडल्याबद्दल सरकार प्रशस्तिपत्र देणार होतं.

खात्याचं धोरण कसं फळलं ते प्रशस्तिपत्र घेऊन आलेल्या सरकारी साहेबांनी सांगितलं, टाळ्या घेतल्या आणि भट्टीवाल्याला विचारलं, "काय हो, कसं जमवलंत?"

मॅनेजर स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. भट्टीची दुरुस्ती चाललीय, उद्या-परवा पेटेल, असं आठ महिने सगळेच एकमेकांना सांगत आले होते. भट्टीवाल्याने फोटोसाठी गार भट्टीवर ठेवलेला हात काढला नाही.

"जमवलं कुठलं, साहेब? कारखाना बंद पडलाय. ही काही आता पेटायची नाही."