चांदीचा अंदाज

शरणपूर रोडवरच्या ऑफिसात दिवसभर चांदीचे चार्ट बघून आणि गिऱ्हाइकांचे फोन घेऊन उमर थकून घरी आला. त्याच्या बायकोने, तबस्सुमने, पायातले पैंजण काढून त्याच्यापुढे ठेवले. तिच्या अम्मीने मरताना दिलेले.

"आपल्या कशिशच्या शाळेची फी भरायचीय. भाव खूप वर गेलाय म्हणतात. विकून टाकू या?"

उमरने पैंजण तिच्याकडे परत सरकवले.

"इतक्यात नको. आठवड्याभरात अजून वाढेल."

"नक्की?"

"रोजचं कामच आहे माझं ते. फीचं मी बघतो."

तिने पैंजण पुन्हा पायात चढवले आणि चहा टाकायला आत गेली.

सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच सांगत होता, "चांदी पडणार. असेल नसेल ती आजच विका."