फौजीचं कार्ड

शिलाई मशीन पुसून इंदूबाईंनी ओसरीवर आणून ठेवलं, तोच फोन वाजला. ऑनलाइन जाहिरात बघून मशीन घ्यायला तयार झालेला तो कालचाच गोड आवाज.

"मावशी, मी फौजी माणूस. ड्यूटी सोडून येता येत नाही, कुरिअरवाला येऊन मशीन नेईल. तेवढं त्याचं भाडं आधी तुम्ही भरा, मी मशीनच्या पैशांत मिळवून लगेच पाठवतो. खात्रीसाठी माझ्या फौजेच्या ओळखकार्डाचा फोटो धाडलाय, बघा."

अविश्वासाचा प्रश्नच नव्हता. त्यांचा मुलगा हणमंतही फौजीच. सुट्टीवर आलेला, समोरच बशीतून चहा पीत बसलेला. भाडं भरण्याआधी त्यांनी सहज कार्ड उघडलं. कार्डावर हणमंतच होता. तीच टोपी, भुवईवरचा तोच व्रण, नावसुद्धा तेच!

"आरं, ह्यो बघ कोण, तू होऊन बोलतोय!"

हणमंत आधी खो खो हसला. मग कार्ड नीट बघताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आये, हे मीच पाठवलेलं. गेल्या साली बदली झाली, तवा फ्रीज विकायला काढला हुता. घेणाऱ्याला इस्वास वाटावा म्हणून..."

इंदूबाईंनी फोन बाजूला ठेवला.

"म्हंजे वरीसभर तुझं तोंड बघून माणसं फसत्यात? आन् त्यांचा तळतळाट रे? त्यो कुणाच्या नावानं निघतोय?"